सुंदराबाईंच्या मोरीचं काम

सुंदराबाई पडल्या त्या सकाळी, गॅलरीत, संडासाला जाताना. हातात पाण्याचं टमरेल होतं. पाय घसरला तेव्हा त्यांनी टमरेल सोडलं नाही. दुसरा हात टेकला, आणि तो मनगटातून मोडला. शेजारच्या बायका धावत आल्या तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि टमरेलातलं पाणी जवळजवळ होतं तेवढंच होतं.

परळच्या कापडिया चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली. संडास सगळ्यांचे मिळून, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. लग्न होऊन त्या चिपळूणकडून इथे आल्या तेव्हा पोरसवदा होत्या. आता पंचाहत्तरीला आल्या होत्या. गॅलरीतली कुठली लादी हलते, कुठल्या दारासमोर पाणी साचतं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. त्या दिवशी पाय चुकले.

त्यांची मुलगी नम्रता परळमधल्याच एका हॉस्पिटलात एक्स-रे काढण्याचं काम करायची. राहायला मुलुंडला, पण ड्यूटी इथेच. आईच्या मनगटाचा एक्स-रे तिनेच काढला. फोटो स्क्रीनवर आला. हाडं तिने रोज पाहिली होती, पण इतकी पातळ झालेली हाडं आपल्या आईची असतील असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, आता घरात संडास करून घ्यायचा."

"कुठे, माझ्या डोक्यावर?" सुंदराबाई म्हणाल्या. "एवढीशी खोली. स्वयंपाक करू का संडास करू?"

"मोरीच्या जागी होतो. चाळीत कितीजणांनी करून घेतलाय."

सुंदराबाईंनी मोरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राजाला विचार."

राजा म्हणजे राजरत्न, नम्रताचा मोठा भाऊ. तो पुण्याला एका कंपनीत होता. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग जे म्हणाला ते नम्रताला आधीच माहीत होतं.

"नमे, बिल्डिंग जातेय गं. नवा बिल्डर आलाय, ह्या वेळी पक्कं आहे. दोन वर्षं कळ काढ. आता लादी फोडायची आणि मग सगळंच पाडायचं, ह्याला काय अर्थ आहे?"

बिल्डिंग जातेय. हे शब्द त्या घराने इतकी वर्षं ऐकले होते की ते भिंतीतच मुरले होते. गिरण्या बंद पडल्यानंतर कधीतरी पहिल्यांदा टेप घेऊन माणसं आली, खोल्या मोजून गेली, आणि चाळीच्या जागी टॉवर होणार म्हणून पेढे वाटले गेले. तेव्हापासून बिल्डर बदलले, नकाशे बदलले, मीटिंगा झाल्या. चाळ होती तिथेच राहिली.

त्याआधी या खोलीची तब्येत वेगळी होती. सुंदराबाईंचे यजमान रामजी गिरणीत फिटर होते, कताई खात्यात. हाताला नुसतं बसवत नसे. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी ते घर रंगवायचे. सगळं सामान गॅलरीत निघायचं: पलंग, ट्रंका, भांड्यांची मांडणी, वरच्या फळीवरचे बाबासाहेब आणि बुद्ध फडक्यात गुंडाळून. पिंपात चुनकळी पडली की पाणी रटरटायला लागायचं आणि मुलं लांबून बघत उभी राहायची. मग त्यात नीळ, थोडा डिंक. रामजी लुंगी खोचून, डोक्याला टॉवेल बांधून ब्रश मारायचे, आणि शेवटी कमरेच्या उंचीवर एक निळी पट्टी ओढायचे, दोरी धरून, सरळ. ती रात्र घरातले सगळे गॅलरीत झोपायचे. नम्रताला अजून कुठेही ओल्या चुन्याचा वास आला की उद्या जयंती आहे असं वाटायचं.

पहिली मोजणी झाली आणि रामजींनी ब्रश खाली ठेवला. "आता कशाला? टॉवरमध्येच रंग काढू," ते म्हणाले. ते वर्ष गेलं, पुढचंही गेलं. घरात काही मोडलं की ते दुरुस्त करत, पण तात्पुरतं. मोरीच्या कट्ट्याला भेग पडली, त्यांनी एम-सील भरलं. नळ गळायला लागला, गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून वायसर बसवला. खिडकीची बिजागरी तुटली, तांब्याची तार आवळली. कौलातून पाणी यायला लागलं, पत्र्याचा तुकडा सरकवला. प्रत्येक वेळी हात पुसत म्हणत, "तेवढ्यापुरतं होईल." सुंदराबाई एकदा हौसेने त्यांच्याबरोबर दादरला लाद्या बघायला गेल्या होत्या. रामजींना एक फिकी हिरवी लादी आवडली होती, पाण्यासारखी. "ही टॉवरमधल्या बाथरूमला," असं दुकानदाराला सांगून ते परत आले. त्या गोष्टीलाही बरीच वर्षं झाली. रामजी जाऊनही आता चार पावसाळे होऊन गेले होते, आणि त्यांची प्रत्येक तात्पुरती दुरुस्ती अजून टिकून होती.

"फोन इकडे दे," सुंदराबाई म्हणाल्या. नम्रताने स्पीकर लावून त्यांच्यापुढे धरला.

"राजा, तुझे बाबा असेच दोन वर्षं, दोन वर्षं करत गेले. मला टॉवर नको, बाबा. मला संडास हवाय."

पलीकडून राजरत्न म्हणाला, "बरं. काम ठरलं की मी येतो."

काम करायला लालबागचा अवधूत आला. चाळींमधली अशी कामं करण्यात त्याचा हात बसलेला होता. मोरी पाहिली, मागच्या खिडकीतून दोन चाळींमधल्या अरुंद हाऊसगल्लीत डोकावला, पायाने लादी ठोकून बघितली.

"होईल," तो म्हणाला. "मागच्या भिंतीतून लाइन बाहेर काढायची आणि हाऊसगल्लीतून खाली गटाराच्या चेंबरला सोडायची. पण भांड्याच्या खालचा बेंड जमिनीच्या वर मावणार नाही. तो खालच्या घरात जाईल, त्यांच्या छताच्या कोपऱ्यात. हातभर पाइप दिसेल. मालकाकडनं मी परवानगी आणतो, पण खालच्यांना तुम्ही विचारा. ते नाही म्हणाले तर मी हात लावणार नाही. पुढे भांडणं होतात."

खाली जयवंत राहायचे. मालवणकडचे. रामजी आणि जयवंत एकाच गिरणीत होते, एकाच पाळीला. जयवंत विणाई खात्यात आणि रामजी कताईत. विणाईत रामजींच्या समाजातल्या माणसांना पूर्वी घेत नसत; तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा, त्याचा विटाळ होईल म्हणून. रामजींच्या वेळेपर्यंत तो नियम कुणी उघड बोलत नव्हतं, पण खाती तशीच राहिली होती. दोघांनाही ते माहीत होतं. तरी सकाळी भोंगा झाला की जयवंत जिन्याखाली उभे राहायचे आणि रामजी उतरेपर्यंत पुढे जायचे नाहीत. संपात दोघांनी मिळून नाक्यावर केळी विकली. रामजींना शेवटचं नेलं तेव्हा जयवंत म्हातारे असूनही पार चैत्यभूमीजवळच्या स्मशानापर्यंत चालत गेले होते.

त्यामुळे सुंदराबाई निर्धास्त मनाने खाली गेल्या. नम्रता बरोबर होती. जयवंतांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, दोघींना बसायला पाट दिले, प्लास्टरवर हात फिरवून पाहिला. नम्रताने अवधूतने सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं.

जयवंतांनी ऐकलं. मग मान वर करून छताच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली त्यांचं देवघर होतं. लाकडी, छोटं, आत गावचा देव आणि गणपती आणि समई.

"वहिनी, माझं काय नाय," ते म्हणाले. "तुमचे पाय दुखतात, मला दिसतं. पण देवाच्या डोक्यावर संडासाची लाइन... कसं सांगू तुम्हांला."

"दुसरीकडून नाही निघत, काका," नम्रता म्हणाली.

"तसं असेल. पण माझ्याच्याने हो म्हणवत नाही."

सुभद्राबाई खाली बघत होत्या. सुंदराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "बरं, भावजी," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

वर आल्यावर नम्रता संतापली. "देव म्हणे. आपली लाइन आहे म्हणून, दुसऱ्या कुणाची असती तर ह्यांनी..."

"नमे." सुंदराबाई पलंगावर बसत म्हणाल्या. "त्यांनी तोंडावर सांगितलं. पाठीमागे बोलत राहिले असते तर तुला काय कळलं असतं? आपले बुद्ध आपण फळीवर सगळ्यात वर ठेवतो ना? मग?"

"ते वेगळं."

"असेल वेगळं." त्यांनी प्लास्टरचा हात उशीवर टेकवला. "वाईट मला पण वाटलं. पण ते त्यांचं घर आहे."

दिवस तसेच जात राहिले. नम्रता ड्यूटीच्या आधी येऊन आईला गॅलरीच्या टोकापर्यंत धरून न्यायची, बाहेर उभी राहायची, परत आणायची. ती नसेल तेव्हा शेजारची कुणी यायची. चाळीतल्या बायका जागा देत, "आधी आजींना जाऊ द्या" म्हणत, आणि तेच सुंदराबाईंना नको व्हायचं. ज्या रांगेत त्यांनी अर्धं आयुष्य भांडून, हसून, लग्नं जुळवून काढलं होतं, त्या रांगेत आता त्या दयेच्या मानकरी झाल्या होत्या. मग त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच कमी केलं. नम्रताच्या ते उशिरा लक्षात आलं, ओठ सुकलेले दिसले तेव्हा.

खालून सुभद्राबाईंनाही जिन्याच्या कठड्यातून हे सगळं दिसत होतं.

एका दुपारी त्या वर आल्या. पदर कमरेला खोचलेला, हाताला समईची काजळी. सुंदराबाई पलंगावर पडल्या होत्या, नम्रता भात लावत होती.

"सुंदराबाय, देव हलवलंय मी," सुभद्राबाई दारातूनच म्हणाल्या.

"काय?"

"त्या भितीवरसून ह्या भितीर इले. दाराच्या बाजूक. दिवो लावलंय, पेटलो. नाय पेटाक काय झाला?" त्या आत येऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. "आता तुमचो पाइप येवंदे खय येता तो."

"आणि काका?" नम्रताने विचारलं.

"ते दुपारचे बाहेर गेलेले. इले की बघतीत." त्यांनी हाताची काजळी पदराला पुसली. "घरात देव खय ठेवचे ता मी ठरवतलंय. पन्नास वर्षां पुसतंय मी, फुलां घालतंय मी. देव हलवूक येता गे. तुका उचलून खय हलवतले?"

सुंदराबाईंनी आपला चांगला हात सुभद्राबाईंच्या हातावर ठेवला, काजळीसकट.

संध्याकाळी जयवंत घरी आले तेव्हा काय बोलणं झालं ते वर ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते जिन्याखाली नम्रताला भेटले. "त्या अवधूतला सांग, पाइप धरायला छताला अँगल चांगला जाड लाव म्हणावं," एवढंच म्हणाले आणि भाजी आणायला गेले. चेहरा पडलेला होता, पण बोलले होते.

काम सुरू झालं. शनिवारी राजरत्न आला आणि भावाबहिणीने खोली रिकामी केली. पलंग, ट्रंका, मांडणी गॅलरीत निघाली, फळीवरचे बाबासाहेब आणि बुद्ध फडक्यात गुंडाळले गेले. राजरत्न त्या सामानामध्ये उभा राहून म्हणाला, "चुन्याचं पिंप तेवढं राहिलं." नम्रता हसली आणि दोघंही पुन्हा सामान उचलायला लागली.

दिवसभर धूळ. ब्रेकरने लादी फुटायला लागली की अख्खा मजला थरथरायचा. सुंदराबाईंना सुभद्राबाईंनी खाली नेलं. सकाळी जायच्या, रात्री झोपायला शेजारच्या खोलीत. पण ब्रेकर थांबला की त्या कुणाचा तरी हात धरून वर येऊन बघायच्या.

मोरीची भिंत खरवडताना रंगाचे थर निघाले. वरचा मळकट पिवळा डिस्टेंपर, त्याच्याखाली निळसर चुना, त्याखाली पुन्हा चुना, मग कधीकाळचा गुलाबी. मध्येच एका जागी निळ्या पट्टीचा तुकडा. अवधूतची माणसं ढपले गोणीत भरत होती. त्याच गोणीत एम-सीलचे दगड झालेले गोळे गेले, वाकडी तार गेली, रबराचे वायसर गेले. जुना पितळी नळ नम्रताने हातात घेतला. बाबांनी तो इतक्या वेळा उघडून बसवला होता की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"हा ठेवू या?" तिने विचारलं.

सुंदराबाईंनी नळ हातात घेऊन वजन केल्यासारखा तोलला. "कशाला ठेवायचा? आयुष्यभर गळला तो. त्यांना कधी नीट झोपू नाही दिलं त्याने. रात्री टप टप ऐकू आलं की उठून बसायचे." त्यांनी नळ अवधूतकडे दिला. "भंगारवाला घेईल. पितळ आहे."

नम्रताचे डोळे भरून आले होते. सुंदराबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "नळाला काय रडायचं. ते काय नळात होते?"

लाद्या घ्यायला त्या स्वतः गेल्या, हात गळ्यात बांधून, राजरत्नबरोबर टॅक्सीने दादरला. फिकी हिरवी, पाण्यासारखी, असं त्यांनी तीन दुकानांत सांगितलं. तशी लादी आता कुणी बनवत नाही असं तिन्ही ठिकाणी कळलं. एकाने मोबाइलवर हिरव्याच्या कितीतरी छटा दाखवल्या. त्यांतली एकही ती नव्हती. शेवटी त्यांनी खडबडीत राखाडी लादी निवडली.

"हिरवी नाही तर नाही," त्या टॅक्सीत म्हणाल्या. "ह्याच्यावर पाय घसरणार नाही असं म्हणाला ना तो?"

"म्हणाला," राजरत्न म्हणाला. त्याला आठवत होतं, बाबा ती लादी बघून आल्यावर रात्री जेवताना टॉवरमधल्या बाथरूमचं वर्णन करायचे. गरम पाण्याचा नळ वेगळा, गार पाण्याचा वेगळा. तो स्वतः तेव्हा कॉलेजात होता आणि हे सगळं एक-दोन वर्षांत होणार यावर त्याचाही विश्वास होता. पुण्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये ते दोन्ही नळ होते. बाबा तिथे एकदाच राहायला आले होते आणि सकाळी त्यांनी बादलीच भरून घेतली होती.

लाद्या बसल्या, भांडं बसलं, मागच्या भिंतीतून पाइप बाहेर गेला. जयवंतांच्या छताला जाड अँगल लागला. अवधूतने पाणी सोडून बघितलं, ठीक वाटलं. तो हिशोबाने खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंच्या छताच्या कोपऱ्यात ओल दिसली. दुपारपर्यंत ती हाताच्या पंजाएवढी झाली आणि मग एक थेंब खाली पडला. देव तिथे नव्हते. पण देवघराची जागा अजून रिकामीच होती, भिंतीवर दिव्याच्या काळ्या खुणा होत्या, आणि थेंब बरोबर त्या खुणांसमोर पडत होता.

जयवंत वर आले. दारात उभे राहिले. नम्रताने त्यांचा चेहरा बघितला आणि तिला वाटलं, आता संपलं सगळं.

"पाणी येतंय खाली," ते म्हणाले.

सुंदराबाई गॅलरीतल्या पलंगावरून उठू लागल्या. "भावजी, बंद करून टाकते मी. भरून टाकायला सांगते. मी आपली गॅलरीतून..."

"कसं बंद करता?" जयवंत म्हणाले. "एवढं झालंय ते. सांधा नीट बसला नसेल. बोलवा त्याला, उघडू दे परत. आणि ह्या वेळी वरनं बघून नाही चालणार. खालनं कोणीतरी बघायला हवं."

अवधूत आला, थोडा ओशाळलेला. भांडं उचललं, कडेची लादी काढली. पाइप जिथून खाली जात होता तिथे जमिनीला भोक उघडं पडलं, त्यातून खालचं घर दिसायला लागलं: जयवंतांच्या पंख्याचं पातं, आणि त्यापलीकडे खुर्ची. सांध्यातलं रबर दुमडलं होतं. अवधूतने ते बदललं, सोल्यूशन लावलं, भोवती सिमेंट केमिकल भरलं. सगळं सुकेपर्यंत दोन्ही घरांनी वाट बघितली.

मग जयवंत खाली खुर्चीवर बसले, हातात टॉर्च, मान वर. वर नम्रता बादली घेऊन उभी राहिली. सुंदराबाई भिंतीला धरून बाजूला होत्या.

फार पूर्वी, चाळीत घराघरांत नळ आले तेव्हा, वरची आणि खालची लाइन रामजी आणि जयवंत यांनी मिळून जोडली होती. प्लंबरला द्यायला कुणाकडे काही नव्हतं, आणि रामजी फिटर होते. असंच जमिनीला भोक होतं. रामजी वरून वॉल्व्ह उघडायचे आणि जयवंत खालून बघायचे कुठला सांधा गळतो ते. ते दोन-तीन दिवस त्या भोकातून सारखा आरडाओरडा चालायचा. सोड, थांब, परत सोड. मुलं भोकाला डोळा लावून बसायची.

"सुकलंय," अवधूत भोकातून खाली म्हणाला. "तयार का, काका?"

खालून आवाज आला, पूर्वीसारखाच लांबवलेला.

"रामजी, सोड पाणी."

नम्रताच्या हातातली बादली तशीच राहिली. खालीही काही हललं नाही. जयवंतांनाही ऐकू आलं होतं आपण काय म्हणालो ते.

"रामजी कोण?" अवधूतने विचारलं.

सुंदराबाई पुढे झाल्या. त्यांनी चांगल्या हाताने बादलीत मग बुडवला आणि पाइपात पाणी ओतलं. पाठोपाठ दुसरा, तिसरा. थोडं पाणी लादीवर सांडलं.

"सोडलं, भावजी," त्या भोकाकडे तोंड करून म्हणाल्या.

टॉर्चचा उजेड खाली कोपऱ्यात फिरत होता. बराच वेळ फिरला. मग जयवंतांचा आवाज वर आला.

"अजून सोडा."

नम्रताने सगळी बादली ओतली. अवधूत खाली वाकून कान देऊन होता.

"थेंब नाही," जयवंत म्हणाले. "बंद करा भोक."

संध्याकाळी ते वर आले. गेल्या काही वर्षांत गुडघ्यांमुळे ते जिना टाळायचे. आता एका आठवड्यात दुसऱ्यांदा चढले होते. सुंदराबाईंनी चहा केला, डाव्या हाताने, नम्रताला मध्ये येऊ न देता. बाहेर गॅलरीत पलंगावरच बसून दोघांनी तो प्यायला.

"मघाशी जीभ घसरली," जयवंत म्हणाले. "टॉर्च वर धरली आणि आपोआप आलं तोंडात."

"मला बरं वाटलं," सुंदराबाई म्हणाल्या. "किती दिवसांत त्यांना कुणी हाक मारली नव्हती. घरात आम्ही सगळे बाबा नाहीतर आजोबा म्हणतो. रामजी म्हणणारे तुम्हीच उरलात."

जयवंतांनी मान हलवली. कप खाली ठेवताना त्यांची नजर नव्या मोरीच्या दारावर गेली. "मी हो म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "ते आमच्या बायकोने केलं सगळं. हे तुम्हांला सांगायचं राहून गेलं होतं."

"मला माहीत आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "आज तुम्ही खुर्ची घेऊन बसलात ना. झालं."

घर पुन्हा लागलं. फळीवर बाबासाहेब आणि बुद्ध गेले. भिंतींना राजरत्नने प्लास्टिक पेंट मारून घेतला, फिकट रंगाचा, पुसता येणारा. निळ्या पट्टीचं कुणी बोललं नाही. कामाच्या गडबडीत ती राहूनच गेली. हातावरचं प्लास्टर निघालं. सुंदराबाई रात्री पुन्हा हवं तेवढं पाणी प्यायला लागल्या. सकाळी मात्र अजून कधीकधी चहाचा पेला घेऊन त्या गॅलरीच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. काम काही नसायचं. रांगेतल्या बायका तिथेच भेटायच्या, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते दुसरीकडे कुठे कळणार. नव्या मोरीचं कौतुक करायला बायका आल्या तेव्हा त्यांनी आत नेऊन दाखवली, नंतर जी ती आपापल्या घरी मोजमापं करायला लागली.

दिवाळी झाल्यावर अवधूत पुन्हा चाळीत आला, ह्या वेळी खालच्या घरात. जयवंतांना आता तळमजल्यावरचा, जिन्याखालचा सामाईक संडासही लांब वाटू लागला होता, आणि वरची लाइन त्यांच्याच कोपऱ्यातून जात होती. जोडायला सोपं होतं. देव नव्या भिंतीवर रुळले होते, त्यांना पुन्हा हलवायची गरज पडली नाही. दोन्ही घरांचं चेंबर एकच, म्हणून पावसाळ्याच्या आधी ते उघडून साफ करायचं काम दोघांत ठरलं: एक वर्ष वरच्यांनी, एक वर्ष खालच्यांनी. राजरत्नने पहिलं वर्ष आपल्याकडे घेतलं.

खाली ब्रेकर चालू असेपर्यंत जयवंत आणि सुभद्राबाई दिवसभर वर राहायला आले. त्या दुपारी सुंदराबाई आणि सुभद्राबाई सुपात सुकवलेले सोडे निवडत बसल्या होत्या. जेवण झाल्यावर जयवंत जरा टेकतो म्हणून पलंगावर आडवे झाले होते, रामजी झोपायचे त्या बाजूला, भिंतीकडे, आणि ब्रेकरच्या आवाजातही त्यांना झोप लागली होती. सुभद्राबाई त्यांना उठवायला निघाल्या.

"राहू दे," सुंदराबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी पंखा कमी करून एकावर आणला.